नऊ नंबरच्या प्रेसखालचा पाया

संघपाल खरातच्या डाव्या हाताला तीन बोटं आहेत. उरलेली दोन बाविसाव्या वर्षी वाळूजच्या एका वर्कशॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या दीडशे टनी प्रेसखाली राहिली. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय ती खाली येऊ नये, म्हणजे हात आत सापडणार नाहीत, अशी त्यामागची कल्पना. कामगार एक बटण सायकलच्या ट्यूबनं बांधून टाकतात. एक हात मोकळा होतो, कधी कधी कायमचा. "गाठ मीच मारली व्हती, लई पक्की बसली," असं संघपाल सांगतो, आणि स्वतःच्या कामावर खूश असल्यासारखा सांगतो.

पुढे तो प्रोग्रामिंग शिकला आणि जुन्या प्रेसना नवे कंट्रोलर बसवणाऱ्या कंपनीत लागला. तिथले प्रोग्राम डी भाषेत लिहितात. ही कंपाइल होणारी भाषा, म्हणजे मशीन हलण्याआधीच कंपायलर सगळं वाचतो आणि चुका काढतो. संघपालनं तिच्यात एक मिक्सिन लिहिलं. मिक्सिन म्हणजे एकदा लिहिलेला साचा. कुठल्याही प्रेसच्या फाइलीत एक ओळ टाकली की तो तिथं उतरतो. त्यात ‘दोन हात’ नावाचं फंक्शन होतं. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच प्रेस खाली येणार; बांधलेलं बटण चालणार नाही. साच्यातच त्याची चाचणीही होती.

एवढं असूनही, एका कारखान्यात नऊ प्रेसचं काम चालू असताना, प्रत्येक प्रेस ताब्यात देण्याआधी तो शहागंजातून बोकडाचा पाया आणायचा, एक बटण ट्यूबनं बांधायचा, पाया डायमध्ये, म्हणजे प्रेसचा घाव पडतो तिथं, ठेवायचा आणि दुसरं बटण दाबायचा. पाया अख्खा राहिला की ऑपरेटर तो घरी न्यायचा. असे आठ गेले होते. खाटीक विचारायचा, "इंजिनेर साब, आज बी एकीच? एक टांग का बकरा पाले क्या?"

नववी प्रेस पाचोडच्या पुंजाराम ऑपरेटरला मिळणार होती. कंपायलर म्हणाला, चुका शून्य, इशारे शून्य. साच्यातली चाचणीही पास झाली. संघपालनं बटण दाबलं आणि प्रेस आली. हाड ओल्या लाकडासारखं फुटलं, आतला मगज पुंजारामच्या शर्टावर उडाला, खूर भिंतीपर्यंत गेला.

पुंजाराम मनगट चोळत म्हणाला, "हे माझं व्हतं ना, भाऊ?"

या प्रेसची फाइल विश्वजीत सरांची होती. सर संघपालच्याच कंपनीतले वरिष्ठ इंजिनिअर, दहाही बोटं शाबूत. ट्रायलसाठी त्यांनी तिच्यात ‘दोन हात’ याच नावाचं चार ओळींचं फंक्शन लिहिलं होतं, एका बटणावर भागेल असं, आणि ते काढायचं राहिलं. फाइलीत आणि मिक्सिनमध्ये नाव एकच असेल तर फाइलीतलं चालतं. भाषेला यात काही वावगं दिसत नाही. साच्यातल्या चाचणीला मात्र आधी साच्यातलंच फंक्शन दिसतं. ते तपासून ती पास झाली होती.

संघपालनं हे सांगितलं. सरांनी स्क्रीनकडे पाहिलं नाही.

"दोन सारखी नावं असती तर कंपायलर बोंबलला असता, खरात. आठ मशीनवर चाललेला साचा नवव्यावर कसा मरेल? हाडं घालून डाय खराब केलीस तू. वायरिंगचा लोचा असेल."

"सर, कंपायलर नाय बोंबलत यात."

"मी दाखवतो."

त्यांनी डावा हात डायमध्ये ठेवला आणि उजवा मोकळ्या बटणाकडे नेला. दुसरं बटण अजून बांधलेलंच होतं. संघपालनं हाताशी असलेला चोवीसचा पाना उचलून त्या उजव्या हातावर घातला. हात थांबला नाही, म्हणून पुन्हा घातला. या वेळी मनगटाच्या वरचं हाड कातडीतून बाहेर आलं. सर ओरडत खाली बसले. डावा हात डायमधून आपोआप निघाला, पाच बोटांसकट.

पोलीस येईपर्यंत संघपालनं चार ओळी खोडल्या आणि प्रोग्राम पुन्हा कंपाइल केला. चुका शून्य, इशारे शून्य.

"का मारलं?" हवालदारानं विचारलं. संघपालनं पाऊण तास मिक्सिन समजावलं. हवालदारानं लिहिलं, ‘वैयक्तिक वादातून.’

जामीन झाला, नोकरी गेली. तिसऱ्या दिवशी मॅनेजरनं पुंजारामला प्रेसवर उभं केलं.

"दुरुस्त झालंय. स्क्रीनवर वाच."

"त्या दिवशी बी हेच लिवलं व्हतं, साहेब. संघपालभाऊचा पाया आणा, मग हात घालतो."

फोन गेला. संघपाल काळी पिशवी घेऊन गेटवर आला. वॉचमननं त्याला आत सोडलं नाही, पिशवी सोडली. तो बाहेर उभा राहिला. आत नऊ प्रेस धडधडत होत्या. नववीचा घाव कोणता, ते ऐकून कळण्यासारखं नव्हतं.

वीस मिनिटांनी पुंजाराम गेटपाशी आला. पाया अख्खा होता. संघपालनं आधी तो धरलेली पुंजारामची बोटं मोजली.

"घरी नेतो," पुंजाराम म्हणाला. "पण भाऊ, उद्या बी एक लागंल."