अस्वलाला बोलता येत नाही

लीनाचा फोन आला तेव्हा मी बोळिंजच्या घरी दुपारची पानं वाढत होते. "ऑल्विन गेला गं," एवढंच ती म्हणाली. ऑल्विन तिचा थोरला भाऊ. वसईच्या एका शाळेत गणित शिकवायचा, आणि माझा मित्र.

रविवारी चर्चमधली मिस्सा आणि जेवणं आटोपली की तो त्याच्या पडवीलगतच्या खोलीत आम्हाला एक खेळ खेळवायचा. टेबलाभोवती बसून प्रत्येकाने गोष्टीतलं एक पात्र व्हायचं. जंगलं, किल्ले, राक्षस ऑल्विनने शब्दांनी उभे करायचे आणि अडेल तिथे फासे टाकायचे. मी तलवारबाज, माझी मैत्रीण मनीषा कुलपं उघडणारी चोर, आणि ऑल्विनचा जुना विद्यार्थी, फुलपाड्याचा समीर, रूप बदलणारा जादूगार. घोळ तिथेच होता. समीर गरुड होऊन किल्ल्यात उतरायचा, उंदीर होऊन दाराखालून शिरायचा, अस्वल होऊन राक्षसाला लोळवायचा. अस्वल मेलं तरी हा पुन्हा धडधाकट माणूस! माझी तलवार आणि मनीषाची हत्यारं नुसती शोभेला उरली. "मी येऊन करू काय, टाळ्या वाजवू?" असं मनीषा एकदा म्हणाली आणि पुढच्या रविवारी आलीच नाही.

ऑल्विनला ते फार लागलं. त्याने नियम कडक केले: एका मोहिमेत एकच रूप, आणि अस्वलाच्या जखमा माणसाच्या अंगावर उतरणार. समीर भडकला. "सर, सगळी पॉवर काढून घेतली तर मी खेळू कशाला?" म्हणत तोही निघून गेला. मी म्हटलं, "जाऊ दे रे, खेळच तर आहे." पण ऑल्विन स्कूटर काढून सरळ फुलपाड्याला गेला. समीरने त्याला चहा दिला आणि खाली बघत म्हणाला, "कॉल सेंटरमध्ये दिवसभर फोनवर लोकांच्या शिव्या खातो, सर. तुमच्याकडे तरी मला अस्वल होऊ द्या ना..."

त्यानंतर ऑल्विनने नियम पुन्हा बदलले. "रूपं हवी तितकी घे. पण अस्वलाला बोलता येत नाही. तू प्राणी आहेस तोवर समीरनेही तोंड उघडायचं नाही. जे पाहिलंस ते खुणांनी सांग. ते ओळखायचं काम या दोघींचं." मनीषालाही तो समजावून घेऊन आला. पहिल्याच डावात समीर गरुड होऊन परतला. त्याने गाल फुगवले, हात उंच नेऊन बुरूज दाखवला, कपाळाला हात लावून मान टाकली. आम्ही हसून लोळलो, पण मनीषाने बरोबर ओळखलं: बुरुजात कुणीतरी आजारी आहे. त्या दिवसापासून कुणी रविवार चुकवला नाही.

मग ऑल्विनच्या घशाचं दुखणं निघालं. ऑपरेशनमध्ये आवाज गेला. गोष्ट सांगणाऱ्याचाच आवाज गेला, आता खेळ संपला असं मी धरून चालले होते. पण घरी आल्यावर त्याने आम्हाला बोलावलं. टेबलावर टकटक केलं, तळवा उभा धरला, बोटाने कडी ओढल्यासारखं केलं. आम्ही दोघी बघत राहिलो. समीर हळूच म्हणाला, "दार आतून बंद आहे, असं म्हणतायत सर." ऑल्विनने डोळे मिटून मान डोलावली. पुढे पुन्हा हॉस्पिटलात पेन धरायचंही बळ उरलं नाही, तेव्हा नर्सला किंवा लीनाला त्याचं म्हणणं कळेनासं झालं, की समीरलाच बोलावणं जायचं. शेवटच्या दिवसांत लीना पाण्याचा ग्लास पुढे करत होती, तेव्हा समीर म्हणाला, "पाणी नको, ताई. तुम्ही जरा झोपा म्हणतायत."

परवाच्या रविवारी आम्ही तिघं लीनाला भेटायला गेलो. खोली बंद होती. "एकटीने उघडवत नाही," ती म्हणाली. समीरने कडी काढली. आम्ही आपापल्या जागी बसलो. लीना बराच वेळ उंबऱ्यात उभी होती. मग आत आली आणि ऑल्विनच्या खुर्चीवर बसली.

"मला घ्याल? मला काही येत नाही यातलं."

"काय व्हायचंय, ताई?" समीरने विचारलं.

"काही नको रे... माणूसच राहू दे."

समीरने मान डोलावली आणि फासे तिच्यापुढे सरकवले.