आबांच्या ओळी जोडताना

आबांच्या संगणकावर त्यांच्या लिखाणाची फाइल उघडली आणि मला शिसारी आली. ओळीच्या शेवटी अर्धं अक्षर, पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एकटी लोंबकळणारी वेलांटी, आणि मधेमधे काळे चौकोन, त्यांच्या पोटात प्रश्नचिन्हं. मराठीची ही खाटीकगिरी कुण्या माणसाने केलेली नव्हती. लांब ओळी कापायची जी आयती आज्ञा संगणकात असते, ती मीच मोठ्या विश्वासाने चालवली होती. ती आज्ञा इंग्रजीच्या मापाने मोजते. आपल्या एका अक्षराचे तिला तीन-तीन तुकडे दिसतात, आणि माप भरलं की ती बिनदिक्कत त्यांच्यामधून सुरी फिरवते.

आबा म्हणजे माझे वडील. फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्यात राहतात. त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला आहे आणि तो परत यायचा नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय. अक्षर तळहाताएवढं केलं तरच त्यांना वाचता येतं. पण तेवढं केलं की ओळ स्क्रीनबाहेर पळते. आबा तिच्या मागे उजवीकडे जायचे, परत येईपर्यंत कुठे होतो ते विसरायचे, आणि डोकं धरून बसायचे.

ते लिहीत होते त्यांच्या मित्राबद्दल. इस्लामपूरच्या पुढच्या गावचा हा माणूस, आबांच्याच पलटणीत. उत्तरेकडच्या एका घाटात रसदीचा ट्रक दरीत गेला, तेव्हा दोघं शेजारी बसलेले. आबा वाचले. मित्राच्या घरी तार गेली, मागाहून आबा त्याची पेटी पोचवून आले, पण तो कसा गेला ते त्यांनी तिथे सांगितलं नाही. त्याची मुलगी तेव्हा पाळण्यात होती, आता सांगलीत शाळेत शिकवते. एका लग्नाच्या पंगतीत तिने आबांना विचारलं, "काका, माझे वडील गेले तेव्हा नेमकं काय झालं?" आबांच्या तोंडात जिलेबीचा घास होता. तो त्यांनी कसाबसा गिळला आणि दुसऱ्याच दिवशी लिहायला बसले.

"मला सांगा, मी लिहिते," असं मी म्हटलं होतं.

"तुला तोंडानं सांगाय मला जमायचं न्हाई. डोळं हायती तवर मीच लिवतो."

मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम साताऱ्यात घरी बसून करते. दुसऱ्यांच्या फायली धुऊनपुसून देणं, हाच धंदा. तेव्हा आयत्या आज्ञेला हात जोडले आणि स्वतःच एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली. म्हणजे संगणकाला एकाखाली एक द्यायच्या हुकमांची फाइल. ती ओळ फक्त दोन शब्दांच्या मध्ये तोडायची आणि तोडलेल्या जागी एक तिरपी रेघ ठेवायची. आबांचं वाचून, दुरुस्त करून झालं की तीच स्क्रिप्ट ओळीच्या अगदी टोकाला तिरपी रेघ शोधून ओळी पुन्हा जोडायची. जोडणं गरजेचंच होतं, कारण ती मुलगी हे फोनवर वाचणार होती आणि तिथे या तोकड्या ओळी उंदरांनी कुरतडल्यासारख्या दिसल्या असत्या.

पहिल्यांदा जोडायला गेले तर एकही ओळ जुळेना. बघते तर प्रत्येक ओळीपुढे, उरलेल्या जागेत, आडव्या रेघांची माळ! माझी तिरपी रेघ त्या रेघांच्या अलीकडे गाडली गेली होती.

"आबा, हे काय करून ठेवलंत?"

"मोकळी जागा ठिवायची नसती," आबा म्हणाले. "मागनं कुनीबी कायबी घुसडतंय. वळ संपली की रेघ मारायची. आमच्या साहेबानं पैल्याच दिशी शिकिवलं."

फौजेच्या कागदांवर आयुष्यभर मारलेल्या रेघा त्यांनी माझ्या फाइलमध्येही मारल्या होत्या, एकेक बटण दाबून, चाचपडत. मला इतका वैताग आला की मी उठून चहा टाकायला गेले. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही तो माणूस तासन्‌तास रेघा काय मारतो! चहा उतू गेला, तोही पुसला. मग त्यांना काही न विचारता मी स्क्रिप्टमध्ये एक हुकूम वाढवला: आडव्या रेघा दिसतील तिथे झाडून टाक, मगच जोड.

या खेपेला सगळं सुरळीत जुळलं. ना चूक, ना तक्रार. आमच्या धंद्यात याला यश म्हणतात, आणि या यशाची मला आज ओकारी येते.

"वाचून दाखवू?" मी विचारलं. आबांनी मान हलवली. "नगं. धाड तिला." मी फाइल सांगलीला पाठवली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आबांना नीट ऐकू यावं म्हणून मी स्पीकर लावला. ती रडत होती आणि रडता रडता वाचत होती. "शेवटी तो म्हणाला मुलीला खूप शिकवा. तिला काही कमी पडू देऊ नका. वहिनींना एवढंच सांगून परत फिरलो."

आबांचा चेहरा बदलला. मी घाईने जुनी फाइल उघडली. 'शेवटी तो म्हणाला' याच्या खाली एक अख्खी ओळ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत आडव्या रेघांनी भरलेली. तिथे आबांनी आधी काहीतरी लिहिलं होतं आणि मग ते खोडून मोकळ्या जागेत रेघा मारल्या होत्या. मुलीला शिकवा, हे आबांचं स्वतःचं बोलणं होतं, मित्राची पेटी पोचवायला गेले तेव्हा वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, सांगितलेलं. माझ्या स्क्रिप्टने मधली ओळ गिळली आणि जिवंत माणसाचे शब्द मेलेल्याच्या तोंडात घातले. अंगावर झुरळ चढावं तसं मला झालं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबांनी माझं मनगट धरलं.

फोनवर ती म्हणत होती, "काका, मला कायम वाटायचं, त्यांना मुलगाच हवा होता. मी झाले तेव्हा सुट्टी मिळूनही ते मला बघायला आले नाहीत, असं आजी सांगायची. आणि शेवटी त्यांना माझीच आठवण यावी..."

आबांनी स्क्रीनकडे बघितलं. खरं तर त्यांना तिथलं काही दिसत नव्हतं.

"व्हय बाई," ते म्हणाले. "तुझंच नाव घेत हुता. लय येळा घेतलं."

ती बराच वेळ बोलत राहिली. शाळेचं बोलली, आईचं बोलली, सुट्टीत साताऱ्याला येते म्हणाली. आबा "ये की" म्हणाले. मी फोन बंद केला तरी त्यांनी माझं मनगट सोडलं नव्हतं.

"आबा, ते शेवटी खरं काय म्हणाले होते?"

"शिव्या देत हुता. मला, गाडीला, देवाला. कळ सोसंना त्याला," आबा म्हणाले. "पोरीचं नाव एकडावबी न्हाई घेतलं."