चहाचा दुसरा कप

धार लावायच्या ओल्या दगडाचा वास आला की मला गडचिरोलीकडचं तळ्याकाठचं ते गाव आठवतं. मी परिवीक्षा अधिकारी म्हणून नवी होते आणि चुलतभावाला मारहाण करून चांगल्या वागणुकीच्या हमीवर सुटलेल्या एका माणसाच्या घरी भेटीला गेले होते. गाव रिकामं होतं, कारण त्या दिवशी तळ्यात सगळ्या गावाची मिळून मासेमारी होती; याचं जाळं मात्र कुडावर कोरडंच लटकत होतं आणि तो अंगणात कुऱ्हाडीला धार लावत होता. "तळ्यावर नाही गेलात, भाऊ?" मी विचारलं. "मले बलावलंच नाई, मॅडम. माह्या चुलतभावानं गावाले सांगून ठेवलं." तळ्यावरून परतायची वाट याच्याच दारावरून जात होती. त्याच्या बायकोने दिलेला चहा संपवून मी निघणार, तेवढ्यात वाटेवर माणसांचे आवाज आले. सगळ्यांच्या पुढे चुलतभाऊ होता, डोक्यावर माशांची टोपली. दगडावरची घासघास थांबली. मी खुर्ची उचलून वाटेच्या आणि त्याच्या मधोमध ठेवली, त्याच्याकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, "भाऊ, अजून एक कप चहा मिळेल? तुमच्या हातचा." तो कुऱ्हाड खाली ठेवून चुलीकडे गेला. माझ्या पाठीमागून माणसं निघून गेली. कप हातात देताना तो हळूच म्हणाला, "तळ्यावरची मासेमारी उद्याबी हाय, मॅडम, अन् वाट हेच." या कामाला काय लागतं असं नवीन मुली विचारतात, तेव्हा मी त्यांना खुर्चीची गोष्ट सांगते. त्याचं ते शेवटचं वाक्य मात्र माझ्या तोंडातून निघत नाही.