चार सेकंदांचं कारण

सरांची नोकरी संपायला एक महिना उरला होता आणि माझी अजून नीट सुरू झाली नव्हती. त्या महिन्यात मला त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं गेलं. काम एकच होतं. बावीस वर्षांत त्यांनी जे सॉफ्टवेअर बांधलं, त्याबद्दल त्यांना माहीत असलेलं सगळं लिहून काढायचं. मॅनेजर मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं की लिखाण चांगलं झालं तर इंटर्नशिप संपल्यावर मला कायम करतील.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, शिवणाचं दुकान आहे. मी 'कायम करतील' म्हटलं तेव्हा त्यांनी मशीनवरचा पाय थांबवला.

"पर्मनेंट अंदरे, म्हणजे कागदावर सही करून देतात ना गं?"

"हो अप्पा. पण आधी लिहून तरी होऊ दे."

"लिही मग. सुम्मने, रिकामी बसू नको."

आमचं ऑफिस हिनकलच्या पुढे, हुणसूर रस्त्याला. लहान गावांतल्या लॅबमधले रक्ततपासणीचे रिपोर्ट मोठ्या दवाखान्यांपर्यंत पोचवायचे, हे आमच्या सॉफ्टवेअरचं काम. डॉक्टरांना जे स्क्रीनवर दिसतं ते दुसरी टीम करते. त्याच्या मागचं सगळं, म्हणजे रिपोर्ट घेणं, तपासणं, साठवणं, पुढे पाठवणं, हे सरांचं. पहिल्या दिवशी मी विचारलं, "सर, तुम्ही नेमकं काय करता, एका वाक्यात?"

"माझी बायको एकवीस वर्षं हेच विचारतेय," ते म्हणाले. "तुला सापडलं तर तिलाही सांग."

सर मूळचे सांगलीकडचे. त्यांची मराठी ऐकताना मला माझ्या कानडी मिसळलेल्या मराठीची लाज वाटायची. मी "बस्सु मिस झाली" म्हणायचे आणि ते हसू दाबायचे. पण लिहायला बसल्यावर अडचण भाषेची नव्हतीच. मी तीन रकाने केले होते : काय केलं, का केलं, कोणाला विचारायचं. सरांना जे येत होतं ते या तीन रकान्यांत बसेना.

चालू असताना प्रोग्रॅम स्वतः काय करतोय ते ओळीओळीने लिहून ठेवतो, त्याला लॉग म्हणतात. सर सकाळी आल्यावर तो नुसता वाचत बसायचे. एकदा म्हणाले, "या लॅबमध्ये नवा माणूस आलाय."

"कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. आधीचा माणूस अकरा वाजेपर्यंतचे सगळे रिपोर्ट एकदम सोडायचा आणि चहाला जायचा. हा एकेक सोडतोय. घाबरतोय बिचारा."

त्यांनी फोन केला, तर खरंच नवा माणूस होता. मी वहीत लिहिलं : 'लॉग वाचता येतो.' पुढे काय लिहायचं ते कळेना. लॉग तर मलाही वाचता येत होता.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही प्रोग्रॅममधल्या त्या ओळीपाशी आलो. प्रत्येक रिपोर्ट पुढे पाठवण्याआधी प्रोग्रॅम चार सेकंद थांबत होता. वर सूचना होती, 'हे काढू नये.' लिहिणारे सर, अकरा वर्षांपूर्वी.

"का थांबायचं, सर?"

त्यांनी आपलंच नाव पुन्हा वाचलं. "मीच लिहिलंय."

"हो."

"काहीतरी झालं होतं." मग हसले. "आठवत नाही गं."

दुपारी डबा खाताना त्यांनी ती ओळ पुन्हा उघडली. नोकरी सोडून गेलेल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. त्यालाही आठवेना. मी त्या ओळीपुढे 'कारण माहीत नाही' असं लिहिलं. मॅडमनी छापून दिलेले कागद चाळताना तिथेच बोट ठेवलं. "गोत्तिल्ल अंत बरीबेडम्मा." माहीत नाही असं लिहू नकोस बाई. शुक्रवारी मोठी बैठक होती आणि त्याआधी एकही रकाना रिकामा नको होता.

शाळेत 'कारणे द्या' हा प्रश्न असायचा. बाई सांगायच्या, जागा कोरी सोडू नका, काहीतरी लिहा, अर्धा मार्क तरी मिळेल. मी त्या अर्ध्या अर्ध्या मार्कांवर इथवर आले आहे, हे खोटं नाही. मंगळवारी संध्याकाळी मी लिहिलं : 'त्या काळी पुढचा सर्व्हर लहान होता. एकदम खूप रिपोर्ट आले तर तो बंद पडू नये म्हणून थोडं थांबायची सोय.' वाचायला ते इतकं बरोबर वाटलं की मला स्वतःलाच बरं वाटलं.

बुधवारी सरांनी ते वाचलं आणि टेबलावर हात मारला.

"अरे हो! हेच. तो लहान सर्व्हर मागच्या खोलीत होता. त्या खोलीतला एसी गळायचा. एका सोमवारी सकाळी सगळं बंद पडलं आणि मी तिथेच उभ्या उभ्या ही ओळ लिहिली. तुला कसं सापडलं?"

मी म्हटलं, "अंदाजाने, सर."

ते खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं. सर इतके खूश झाले होते की पुढचं बोलायला मला जमलं नाही. शिवाय वाटलं, त्यांना आठवलंय म्हणजे माझं उत्तर खरंच बरोबर असेल. दिवसभर मी स्वतःला तेच समजावत होते.

शुक्रवारी बैठकीत मॅडमनी तो रकाना वाचून मान हलवली. "छान. म्हणजे हे जुनं झालं. आता सर्व्हर मोठा आहे. ही ओळ काढून टाका, रिपोर्ट लवकर जातील."

"हो," सर म्हणाले. "आता गरज नाही."

ज्या ओळीला त्यांनी अकरा वर्षं हात लावला नव्हता, ती ते माझ्या अर्ध्या मार्कासाठी सोडून देत होते. त्या चार सेकंदांत कुणाचा तरी चुकीचा रिपोर्ट थांबत असेल तर? की काहीच होत नसेल? मला काही कळत नव्हतं. फक्त एवढंच कळत होतं की हे मलाही माहीत नाही आणि त्यांनाही.

"मॅडम, ते कारण मी बनवलंय."

"बनवलंय म्हणजे?"

"जागा कोरी नको होती म्हणून."

सर माझ्याकडे वळले. "काय बोलतेस? मला आठवतंय. ती खोली आठवतेय."

मी संगणकावरच्या फाइलमध्ये कोणतं वाक्य कधी लिहिलं त्याची नोंद उघडून दाखवली. माझं वाक्य मंगळवारचं होतं. सरांनी मला सांगितलं ते बुधवारी. सरांनी चष्मा काढून ते दोनदा वाचलं.

"मग सर्व्हर बंद पडला होता ते?"

"ते झालं असेल, सर. पण ही ओळ त्याचीच आहे का, ते..."

"अय्यो," मॅडम म्हणाल्या, "मी एक कारण मागितलं तर तुम्ही दोघं मला काय देताय? काढायची की ठेवायची?"

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग सर हळूच म्हणाले, "ठेवा."

बैठकीनंतर आम्ही बाहेर चहाच्या गाडीपाशी उभे राहिलो. मला वाटलं होतं ते रागावतील. ते म्हणाले, "एसी गळायचा, ते तरी तू लिहिलं नव्हतंस ना?"

"नाही सर."

"मग ते माझं." आणि चहाचा पेला गाडीवर ठेवत, "ती खोली खरी होती गं."

मी हो म्हटलं. मला काय माहीत!

शेवटच्या दिवशी त्यांनी तो रकाना स्वतः सांगून लिहवून घेतला. 'लिहिणाऱ्याला कारण आठवत नाही. काढायची असल्यास आधी एकाच लॅबसाठी काढावी आणि महिनाभर लॉग वाचावा.' 'कोणाला विचारायचं' इथे मी त्यांचा नंबर टाकायला लागले, तर त्यांनी थांबवलं.

"माझा नको. मला विचारलं तर मी लहान सर्व्हरचंच सांगेन. ते आता डोक्यातून जात नाही. तुझं नाव टाक."

"पण मला तर काहीच माहीत नाही, सर."

"तेवढं तरी तुला नक्की माहीत आहे."

मी माझं नाव टाकलं. त्याच संध्याकाळी मॅडमनी बोलावून पत्र दिलं. कायम केलं नव्हतं. इंटर्नशिप तीन महिने वाढवली होती. अप्पांनी पत्र उलटसुलट करून सही शोधली.

"तीन महिने कशाला? खोटं लिहिलं म्हणून, की खरं सांगितलं म्हणून?"

मी म्हटलं, "माहीत नाही अप्पा."

"विचारायचं ना मग."

विचारायचं तर होतं. मॅडमच्या केबिनच्या दारापर्यंत मी दोनदा गेले होते. आत जाऊन नेमकं काय विचारायचं, ते ठरेना.