अण्णांच्या आधी बाली

२०२३ साल. मला त्र्याहत्तरावं लागलं होतं. हिचं नक्की वय तिच्या बापालाही माहीत नव्हतं, पण माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून पोरानं पुण्याहून फोन केला, तुम्हाला दोघांना बालीला पाठवतो म्हणाला.

"तितं कुटला देव हाय?" मी विचारलं.

"बाबा, देवाला नाही जायचं. निवांत राहायचं. एकाच ठिकाणी, समुद्रावर. तुम्ही आणि आई, दोघंच."

दोघंच. आमच्यात दोघंच असं कोण काही करत नाही. लग्न झाल्यावर देवाला गेलो तेव्हासुद्धा गाडीभर माणसं होती. ही मागं बायकांत आणि मी पुढं गाडीवानाशेजारी. परत आल्यावर कुणीतरी विचारलं, बायको कशी हाय, तर मला सांगता येईना, कारण तोंडच नीट बघितलं नव्हतं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

पोरगा ऐकेना. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका टूरवाल्याच्या ऑफिसात त्यानं फोनवरून सगळं बोलून ठेवलं होतं. आम्ही दोघं जाऊन बसलो. काउंटरवर एक पोरगी होती, माझ्या नातीएवढी. तिनं कॉम्प्युटर आमच्याकडं फिरवला.

"काका, हे आमचं खास कपल्सचं पॅकेज आहे. पळापळ अजिबात नाही. सकाळी कुणी उठवणार नाही, बस पकडायची नाही, गाईड नाही."

"मग दिवसभर करायचं काय?"

"काहीच नाही करायचं, काका."

"काहीच न करायला एवढ्या लांब कशाला? आमच्या ओट्यावर बसून बी काहीच करत न्हाई की मी."

पोरगी हसली. मी हिच्याकडं बघितलं, ही पण हसत असेल म्हणून. ही हसत नव्हती. तिचं लक्ष त्या फोटोत होतं. पाण्याच्या कडेला दोन खुर्च्या, मध्ये एक छोटं टेबल, त्यावर दोन शहाळी. ही मला बाजूला सारून त्या पोरीला म्हणाली, "बाई, ह्या खुर्च्यावर बसलं तर कोण उठ म्हणतंय का?"

"नाही मावशी. संध्याकाळपर्यंत बसा."

"आणि च्या?"

"आणून देतात."

"आणून देतात," ही म्हणाली. दुकानात गिऱ्हाईक भाव ऐकून गप होतं ना, तशी गप झाली. घरी येताना रिक्षात बसल्यावर मात्र म्हणाली, "मला जायाचंय बगा." पन्नास वर्षांत तिनं मला हवंय म्हणून सांगितलेल्या गोष्टी मोजायला एक हात पुष्कळ झाला असता. मी म्हणालो, जाऊ.

इथं अण्णांचं सांगितलं पाहिजे. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, गावाकडं मंद्रूपला असतो. बाप गेला तेव्हा मी पाटी घेऊन शाळेत जात होतो. अण्णांनी स्वतःची शाळा सोडली, नांगर धरला आणि मला वाढवलं. माझी शाळा तरी चौथीतच सुटली, ती माझ्या डोक्यामुळं, अण्णांमुळं नाही. पुढं मी सोलापुरात आलो, भुसार बाजारात पोती उचलली, मग डाळी-ज्वारीचं स्वतःचं दुकान टाकलं. दुकानाचा नारळ अण्णांनी फोडला. तेव्हापासून आमच्या घरात एक रीत. नवीन जे काही येईल ते आधी अण्णांना. स्कूटर घेतली, पहिले अण्णा बसले. टीव्ही घेतला, तो आधी मंद्रूपला गेला, आमच्याकडं पुढच्या दिवाळीत आला. गॅसची शेगडी पण तशीच. ही वर्षभर रॉकेलच्या स्टोव्हवर डोळे चोळत स्वयंपाक करत होती, आणि मंद्रूपला वैनी शेगडीवर चहा उकळत होती. हिनं तेव्हा एक शब्द काढला नाही. मला वाटायचं, तिला पटलंय.

तर मी विमानात अण्णांच्या आधी कसा बसणार? ज्यानं मला खांद्यावर बसवून बाजार दाखवला त्याच्या आधी? मंगळवारी मी एस.टी.नं मंद्रूपला गेलो. पाया पडलो आणि सांगितलं, पोरगा असं असं म्हणतोय.

अण्णांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "तम्मा," आमच्यात धाकट्याला तम्मा म्हणतात, "मी अजून इमान जवळनं बगितलं न्हाई."

"म्हणूनच आलोय, अण्णा. तुमी दोघं बी चला. चौघं जाऊ."

वैनी आतून म्हणाली, "माजं गुडघं कुटं चालत्यात?"

"त्यात काय," अण्णा म्हणाले, "धाकटी हाय की बरोबर. ती करंल तुजं सगळं."

मला ते बरंच वाटलं. चांगलं घर म्हणजे असंच, एकमेकांचं करणारं. परत येताना छाती भरून आली होती. संध्याकाळी पोराला फोन लावला.

पोरगा ओरडलाच. "बाबा, ते कपल्ससाठी आहे!"

"मग अण्णा-वैनी कोण हायत? ते बी कपलच की. आमच्यापेक्षा जुनं कपल हाय."

"तुम्हाला कळत नाहीये मी काय म्हणतोय ते."

"चौथी शिकलेल्याला एवढं कळतं, की थोरल्याच्या आधी पान वाढत न्हाईत."

फोन ठेवला. ही दारात उभी होती, सगळं ऐकून. डोक्यावर टोपी होती. सुनेनं उन्हासाठी म्हणून पुण्याहून पाठवलेली, मोठ्या काठाची, गवतासारख्या रंगाची. मी दुकानात असताना ती आरशापुढं घालून बघायची, हे मला माहीत होतं. एकदा भर दुपारी घरी आलो तर डोक्यावर पदर नाही, टोपी, आणि स्वतःशीच मान वाकडी करून बघतेय. मी काही बोललो नव्हतो. आता तिनं ती काढली.

"भावजी येणार?"

"व्हय. वैनी बी."

"आणि मी?"

"तू बी की. चौघं."

"मी कुटं बसू?"

मला प्रश्न कळला नाही. म्हणालो, "म्हंजे?"

"भावजीपुढं मी खुर्चीवर बसलेली तुमी कदी बगितलीया का? त्येंच्यासंगं एक शब्द तरी बोललीय? ते वसरीत आले की मी आत जाते. तितं आत कुटं जाऊ? पाण्यात?"

"अगं, परदेश हाय. तितं कोण बगतंय?"

"भावजी बगत्यात की."

मग मी चिडलो. खरं ते लिहितो, लई चिडलो. मी म्हणालो, त्या माणसानं आपली शाळा सोडली म्हणून मी माणसात आलो, तू ह्या घरात आलीस. तुला दोन खुर्च्यांची पडलीय.

"शाळा तुमच्यासाठी सोडली," ती म्हणाली. "फेडतेय मी."

एवढं बोलून ती कानडीवर आली. माहेर तिचं अक्कलकोटच्या पलीकडचं, राग आला की मराठी सुटते. "ब्याड," म्हणाली. नको. "ननगं ब्याड. मला नको. तुमी तिघं जावा. वैनीचे गुडघे तुमी चोळा."

आणि ती टोपी भांडीवाली बाई आली होती तिच्या हातात ठेवली. बाई म्हणाली, "अवो आजी, नवीच हाय की." ही म्हणाली, "उनात काम करतीस, घाल." बाई माझ्याकडं बघायला लागली. मी काय सांगणार? नेऊ दिली.

त्यानंतर घरात बोलणं बंद झालं. भांडण असतं तर परवडलं असतं. ही सगळं वेळेवर करायची. चहा, भाकरी, देवपूजेचं पाणी, सगळं जिथल्या तिथं, आणि तोंडातनं शब्द नाही. दुकानात माझ्या तोंडून गिऱ्हाईकांना शिव्या जायला लागल्या. मला पोराचा राग आला, त्या काउंटरवरच्या पोरीचा आला, ज्यानं कुणी तो फोटो काढला त्याचा आला. शहाण्यासुरत्या घरात हे असलं खूळ आणून सोडायचं आणि आपण पुण्यात बसायचं. आमचं काय वाईट चाललं होतं?

तिकडं अण्णांनी पासपोर्टचे फोटो काढले. पांढरा शर्ट शिवून घेतला. आठवड्याच्या बाजारात दिसेल त्याला सांगत होते, बालीला चाललोय, धाकटा नेतोय. मंद्रूपचा एक जण दुकानात तूरडाळ न्यायला आला, तो म्हणाला, "भाऊ असावा तर तुमच्यासारखा." त्या दिवशी हे ऐकून जीभ कडू झाली. त्याला डाळ मोजून दिली आणि शटर अर्धं ओढून घरी आलो.

ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जेवत होती. एकटी. माझं झाल्यावर ती नेहमीच एकटी जेवते, ह्यात नवीन काही नाही. पण त्या दिवशी मी दारात उभा राहिलो आणि ती पटकन उठली, ताट बाजूला सरकवलं, पदर डोक्यावर ओढला. सवयीनं. तिला वाटलं, माझ्याबरोबर कुणीतरी आलंय.

"कोण न्हाई," मी म्हणालो. "मी एकटाच हाय. जेव."

ती उभीच. भाकरीचा तुकडा हातात. मी परत जेव म्हणालो तरी बसेना. मी समोर होतो ना. शेवटी मीच बाहेर ओट्यावर जाऊन बसलो, तेव्हा आत ताट सरकवल्याचा आवाज आला.

ओट्यावर बसून मी अण्णांचा हिशेब लावून बघितला. त्यांचं ऋण खरं. ते मी नाकारत नाही, मेलो तरी नाकारणार नाही. आणि हिनं पन्नास वर्षांत एक गोष्ट मागितली, तीही खरी. दोन्ही खऱ्या गोष्टी एका विमानात बसत नव्हत्या. ह्याचं उत्तर कुणाला विचारायचं? आजवर जे काही विचारायचं ते मी अण्णांनाच विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस.टी.नं मंद्रूपला गेलो. अण्णा बाजेवर बसले होते, पाय खाली सोडून, नवा शर्ट घालून बघत होते. वैनी बटणं लावून देत होती.

"ये तम्मा. खांद्यात ढिला वाटतोय का रं?"

"अण्णा," मी उभ्यानंच बोललो, बसलो असतो तर बोलता आलं नसतं, "तुमी येऊ नका. आमी दोघंच जाणार."

वैनीचा हात बटणावर थांबला. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. ते रागावले असते तर मी खाली मान घालून ऐकून घेतलं असतं.

"बायकोनं सांगून पाठवलं व्हय?"

"न्हाई. तिला म्हाईत बी न्हाई. मी सांगतोय."

"बाजारात समद्यांना सांगितलंय मी."

"व्हय."

"मग आता काय सांगू?"

निघायचं म्हणून पाया पडायला वाकलो. अण्णांनी दोन्ही पाय वर उचलून घेतले आणि बाजेवर मांडी घालून बसले. माझा हात बाजेच्या कडेला लागला. मी तिथंच नमस्कार केला, चपला घातल्या आणि एस.टी.च्या थांब्यावर येऊन उभा राहिलो.