बारापैकी बारा

गणपतीच्या मखराभोवती मी साठ दिव्यांची पट्टी लावली होती. तिच्यातल्या प्रत्येक दिव्याला वेगळं सांगता येतं: तू लाल हो, तू विझ. काड्यापेटीएवढ्या बोर्डात प्रोग्राम भरला आणि हिरवा ठिपका कमानीवरून डावीकडून उजवीकडे पळू लागला. मी स्वतःवरच खूश होते. नाना, म्हणजे माझे वडील, समोर बसून म्हणाले, "अगं, हा बीचमेंच का विझतो? कनेक्शन ढीलं असेल बघ."

कनेक्शन ठीक होतं. नानांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. आमच्याकडे काला मोतिया म्हणतात. इंदूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी राखायची. रोज थेंब घालायचे आणि दर तीन महिन्यांनी मशीनवर तपासणी.

नाना धारला एकटेच राहतात. दत्ताच्या देवळातली पूजा चाळीस वर्षं त्यांच्याकडे होती. ओट्यावर बसल्या बसल्या नालछ्याच्या बसची पाटी वाचायचे. मी देवासला कारखान्यात कंट्रोल पॅनेल तपासते आणि रविवारी धारला जाते. त्या मशीनमध्ये तोंड घालून, ठिपका दिसला की बटण दाबत बसायचं म्हटलं की नाना घाबरे होत. "त्या डब्ब्यात मला नाही जायचं," म्हणाले. मी म्हटलं, मग घरीच तपासू.

शहाणपण उतू जात होतं. पट्टी भिंतीवर कमानीसारखी लावली. नानांनी मधल्या खिळ्याकडे बघायचं, मी बटण दाबायचं, कुठेतरी एक दिवा लागायचा आणि कुठे, कोणता रंग ते त्यांनी सांगायचं. असं बारा वेळा. अंदाजाला वाव नको म्हणून दिवा आणि रंग बोर्डानंच मनाला येईल तसा निवडावा, असा प्रोग्राम लिहिला. जमलं की मी "बरोबर" म्हणायची. चुकले की शाळेतल्या बाईसारखी सांगायची, "नाही नाना, उजवीकडे निळा होता."

पहिल्या रविवारी सात आले. मग नऊ. दिवाळीनंतर बारापैकी बारा. मी टाळीच वाजवली. डॉक्टरांचं वाक्य मला आठवत होतं, खोटं कशाला बोलू, पण आकडा हाती आला की मला माणसांचं ऐकू येत नाही. इंदूरची तारीख पुढे ढकलली. तीन महिन्यांनी पुन्हा ढकलली. दर रविवारी माझी बस इंदूरवरूनच जात होती.

रामनवमीनंतरच्या रविवारी पट्टीची वायर सुटली होती. बटण दाबलं, काहीच लागलं नाही. मी वायर बघायला वाकले, तोच नाना म्हणाले, "डावीकडे लाल."

मी पुन्हा बटण दाबलं. टक्. "वर हिरवा." टक्. "उजवीकडे निळा." बंद पट्टीसमोर बसून त्यांनी बाराही सांगितले. वायर जोडून, बोर्ड पुन्हा चालू करून मी ताडून पाहिलं: एकही चूक नाही.

हे बोर्ड मनाला येईल तो म्हणून जो क्रम काढतात, तो खरं तर ठरलेलाच असतो. दर वेळी सुरुवात बदलून दिली नाही, तर वीज लावली की पहिल्यापासून तोच. त्यासाठी एक ओळ लिहावी लागते, पहिल्या धड्यात शिकवतात ती. मी लिहिली नव्हती. आणि ज्या माणसानं आठव्या वर्षी रुद्र पाठ केला, त्याला बारा रंग काय जड? दर रविवारी मीच त्यांना संथा देत होते.

"नाना, दिवे लागलेच नाहीत."

ते म्हणाले, "बारा आले की तू हसायचीस. हप्ताभर फोनवर पण खुश असायचीस. म्हटलं, चलने दो."

मी ओरडले. पंचाहत्तरीच्या माणसावर, "हे काय स्तोत्र होतं का पाठ करायला?" म्हणून ओरडले. राग माझा माझ्यावर होता, ऐकून त्यांना घ्यावं लागलं.

इंदूरला तपासणी झाली. उजवा डोळा गेला होता. डाव्यात मधलं थोडंसं उरलं होतं, तेही फार दिवस राहणार नव्हतं. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, "बीच में आए क्यों नहीं?" मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "मैं ही नहीं आया."

यंदा गणपतीत पट्टी लावायला माझा हात धजला नाही. मखरापुढे नुसती समई लावली. आरती झाल्यावर नाना तिकडे तोंड करून बसले.

"हिरवा पळतोय का गं?"

"पळतोय, नाना."

"कुठवर आला?"

"वर चढला. आता उजवीकडे उतरतोय."

नानांनी मान हलवली. "बरोबर," म्हणाले.