औंढ्याला सोडलेला राग

औंढा नागनाथाच्या देवळात मी राग सोडला, तेव्हा मी अतिशय रागात होतो.

झालं असं, की श्रावणात औंढ्याला जाऊन प्रत्येकानं काहीतरी सोडायची आमच्याकडे रीत. कुणी भोपळा सोडी, कुणी पडवळ. (पुष्कळांना ते तसंही आवडत नसे, देव बिचारा काय बोलणार!) मी गवार सोडायचं ठरवून गेलो होतो. पण ऐन गाभाऱ्याच्या दारात बायको, म्हणजे आमची गोदा, म्हणाली, "अवो, भाजी काहून सोडता? राग सोडा. तुमच्या रागापायीच किसनभावजी घर सोडून गेले."

खरं होतं ते. किसन माझा धाकटा भाऊ. त्याच्या हातून मोट विहिरीत पडली, आणि मी त्याच्या सासरच्या पाहुण्यांदेखत इतका ओरडलो की तो बायकोला घेऊन आखाडा बाळापूरला सासुरवाडीत जाऊन बसला. दोन वर्षं उंबरा शिवला नव्हता. मला त्याची फार आठवण येई. आठवण आली की मी चिडत असे.

"सोडला!" मी देवासमोर ओरडलो. "जा, सोडला राग! झालं समाधान?"

पुजाऱ्याच्या हातातली पळी खाली पडली. पण शब्द गेला तो गेला.

आमच्या मोंगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, टपालाला आठ-आठ दिवस लागत. ही बातमी मात्र आमच्या गाडीच्या आधी आमच्या गावी, हट्ट्याला, पोचली. दुसऱ्या दिवसापासून माणसं मला बघायला येऊ लागली! ओसरीवर बसत आणि माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत. एकानं न विचारता माझं जू नेलं आणि मोडून परत आणलं. मी म्हणालो, "असू दे." न्हाव्यानं एका बाजूची मिशी जरा जास्तच कापली आणि आरसा पुढं धरून विचारलं, "चालंल ना?" मी म्हणालो, "चालंल." (चालण्यासारखं काहीही नव्हतं.)

शेजारचे रहीमचाचा पिंजारी मात्र गंभीर होते. ते म्हणाले, "दादा, तोबा केली तर बराबर निभवा. निम्मी तोबा कोणाच्याच देवाला चालत न्हाई."

मी निभावत होतो. दात इतके आवळत होतो की भाकरी खाताना दाढा दुखत. पण गोदानं बाळापूरला निरोप धाडला, आणि पोळ्याच्या सकाळी किसन खरंच आला! एकटाच, हातात गाठोडं घेऊन. बायकोला आणलं नव्हतं. आधी परिस्थिती पाहायची असावी. मला फार आनंद झाला.

"आलास? बैस," मी म्हणालो.

त्यानं चमकून गोदाकडं पाहिलं. "वैनी, दादाची तब्येत बरी हाय ना?"

दुपारी त्यानं बैलांची शिंगं रंगवताना हिंगुळाचं भांडं माझ्या नव्या धोतरावर सांडलं. मी हसलो. तो घाबरला.

संध्याकाळी वेशीत तोरण बांधलेलं. त्याखालून पहिली जोडी पाटलांची, मग गावाची. हा मान वडिलोपार्जित. त्यावरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. आमच्या ढवळ्याचा कासरा किसनच्या हाती होता. हलगी कडाडली, ढवळ्या बुजला, किसनला दोन हात फरफटत नेऊन पाटलांच्या बैलांपुढं धावला आणि अख्खं तोरण शिंगांत घेऊन गावात शिरला!

हलगी थांबली. सगळ्या गावानं मान वळवली. ढवळ्याकडं नाही, पाटलांकडं नाही, माझ्याकडं! बायका तर चवड्यांवर उभ्या राहिल्या.

मी पाटलांपुढं हात जोडले. मग किसनला म्हणालो, "होतं असं. लागलं न्हाई ना?"

किसनचा चेहरा पांढराफटक पडला. तडक घरी गेला. मी मागोमाग पोचलो, तर हा गाठोडं उचलून दारात!

"काहून निघालास?"

"राहू कशाला? एवढं करून तू ओरडला न्हाईस," तो म्हणाला. "भावावर ओरडतो माणूस. पाव्हण्याला म्हणतो, लागलं न्हाई ना. मला परका समजून राहिलास तू."

आणि त्यानं उंबऱ्याबाहेर पाय टाकला. महिनाभराचा माझा राग एकदम उसळला.

"ठेव ते गाठोडं! परका म्हणतोस व्हय? गधड्या, तुला एक कासरा धरता येत न्हाई! दोन वर्षं तोंड दाखवलं न्हाईस, इकडं मला जेवण गोड लागंना! आता बाहेर गेलास तर तंगडं मोडून दावणीला बांधीन!"

किसननं गाठोडं खाली ठेवलं. डोळे पुसत, हसत म्हणाला, "वैनी, वाढा जेवायला. उद्या बायकोला आणतो."

नेम मोडला तो मोडलाच. पुढच्या सोमवारी औंढ्याला जाऊन मी पुजाऱ्याला प्रायश्चित्त विचारलं. तो दोन पावलं मागं सरून म्हणाला, "दादा, तुम्हाला जमंल असाच नेम धरा." म्हणून मी रोज सकाळी किसनवर एकदा ओरडायचा नेम धरला. आयुष्यात शेवटास नेलेला माझा हा एकमेव नेम. एकदा तापानं अंथरुणाला खिळलो, तर किसन आपणहून उशाशी येऊन उभा राहिला. मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

"राहू दे, दादा," तो म्हणाला. "उद्या दोन येळेस ओरड."